आशा आहे, म्हणून रडायचं नाही?

नोव्हेंबर हा कॅथलिक लोकांसाठी मृतांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरला सिमिटरीत गर्दी असते. त्याआधीच्या दिवसांत घरचे लोक येऊन कबरीवरचं गवत काढतात, दगड धुतात, नावाची पाटी पुसतात. मग त्या दिवशी झेंडू-शेवंतीची फुलं, मेणबत्त्या, आणि फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत जातात. हा दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो, त्यामुळे वर्गातल्या मित्रमैत्रिणींना त्याचं कुतूहल असतं. पहिला प्रश्न ठरलेला: "हे तुमचं श्राद्ध का?" दुसरा जरा अवघड असतो: "तुमच्यात माणूस देवाकडे गेला असं मानतात ना? मग तुम्ही रडता कशाला?"

हा दुसरा प्रश्न फक्त बाहेरचेच विचारतात असं समजू नका. आमच्या घरांतही तो असतो, फक्त प्रश्न म्हणून नाही तर सल्ला म्हणून. "रडू नकोस, विश्वास ठेव." "देवाची इच्छा होती." "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण जिचे वडील आठवड्यापूर्वी गेलेत आणि जी आज पहिल्यांदा कॉलेजला आली आहे, तिच्या कानांवर हे सगळं पडतं तेव्हा तिला एकच गोष्ट ऐकू येते: तू रडतेस म्हणजे तुझा विश्वास कमी आहे. मग ती वर्गात हसतमुख बसते आणि बाथरूममध्ये जाऊन रडते.

या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे की ख्रिस्ती आशेचा हा अर्थ नाही, आणि कधी नव्हता. बायबल, चर्चचा इतिहास आणि आपल्या अभ्यासक्रमाच्या आसपासची दोन-तीन पुस्तकं, सगळीकडे उलटंच दिसतं. आशा अश्रू थांबवत नाही. अश्रूंसोबत ती बसून राहते.

शब्दांपासून सुरुवात

अंक वाङ्मय मंडळाचा आहे, तेव्हा शब्दांपासून सुरुवात करू. मराठीत गेलेल्या माणसाला आपण सरळ 'मेला' म्हणत नाही. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी असे शब्द आहेत आणि त्यांच्याच रांगेत 'ख्रिस्तवासी' आहे. सगळ्यांत 'वासी' समान. माणूस संपला असं भाषा म्हणत नाही, तो कुठेतरी राहायला गेला असं म्हणते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांत लिहिलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात स्वर्गाला शब्द आहे 'वैकुंठ'. म्हणजे ख्रिस्ती आशा मराठीत आली तीच आपल्या ओळखीच्या शब्दात.

'सिमिटरी' या शब्दाची गोष्ट तर आणखी छान आहे. त्याचं मूळ ग्रीक आहे, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'झोपण्याची जागा'. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला हे नाव दिलं. जो झोपला आहे तो उठणार, एवढा सगळा विश्वास त्या एका शब्दात आहे. पण झोपलेल्याचीही आठवण येते, त्याच्या हाका कानांत राहतात, जेवताना त्याचं ताट दिसत नाही. शब्दाने दुःख झाकलं जात नाही.

थेस्सलनीकाच्या लोकांची काळजी

आशा आणि दुःख यांच्या नात्याबद्दल सगळ्यात आधीचं ख्रिस्ती लेखन म्हणजे संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. हे गाव म्हणजे आजच्या ग्रीसमधलं थेस्सलोनिकी. पत्राचा काळ साधारण इ. स. ५० ते ५१, म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी ते एक.

तिथल्या लोकांची अडचण खरी होती. येशू लवकरच परत येणार असं ते मानत होते. पण वाट पाहता पाहता त्यांच्यातलेच काहीजण वारले. आता या गेलेल्यांचं काय? ते मागे राहणार का? पौल चौथ्या अध्यायात उत्तर देतो: येशू मेला आणि पुन्हा उठला असा आपला विश्वास असेल, तर जे त्याच्यात झोपी गेलेत त्यांनाही देव त्याच्यासोबत आणील. पण त्याआधी तो जे म्हणतो ते फार जपून वाचायला हवं. 'दुःख करू नका' असं म्हणून तो तिथे थांबत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखं दुःख करू नका, असं तो म्हणतो. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दुःखाला बंदी आहे. दुसऱ्यात दुःख गृहीत आहे, फक्त त्याला एक खिडकी ठेवली आहे.

आणि त्या परिच्छेदाचा शेवट काय? या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. 'एकमेकांचं' हा शब्द महत्त्वाचा. आशा ही एकट्याने मूठ आवळून धरायची गोष्ट नाही. ज्या दिवशी माझी आशा कमी पडते त्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या माणसाची मला पुरते.

बेथानीचे अश्रू

योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजरची गोष्ट आहे. बेथानी गावातली तीन भावंडं, मार्था, मरिया आणि लाजर. येशूचे जवळचे लोक. लाजर आजारी पडतो, बहिणी निरोप पाठवतात, पण येशू उशिरा पोहोचतो. तोपर्यंत लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात.

मार्था समोर येते आणि मनातलं बोलून टाकते: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते आणि तीही नेमकं हेच म्हणते. मयताच्या घरी असंच होतं ना? दिवसभर घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य फिरत असतं. ती तक्रार आहे, आणि ती थेट येशूकडे आहे. येशू त्यावर चिडत नाही. मार्थाशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरिया मात्र रडत असते, तिच्यासोबतचे लोक रडत असतात, ते पाहून तो आतून हलतो आणि त्याच्याही डोळ्यांतून अश्रू येतात. मराठी बायबलमध्ये ते वचन जेमतेम दोन शब्दांचं आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. काही क्षणांतच आपण लाजरला उठवणार आहोत हे येशूला माहीत होतं. गोष्टीचा शेवट माहीत असूनही तो रडला. 'देवाकडे गेले ना, मग रडायचं कशाला' या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. शेवट चांगला आहे हे माहीत असणं आणि आत्ता दुखणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात. येशूत राहिल्या, तर आपल्यात का नकोत?

आणखी एक जागा. योहानच्याच विसाव्या अध्यायात, रविवारी पहाटे, रिकाम्या कबरीपाशी मग्दालिया मरिया रडत उभी असते. उठलेला येशू समोर उभा असूनही तिला ओळखू येत नाही, तिला तो माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो आणि मग ती ओळखते. म्हणजे पुनरुत्थान झालेल्या येशूला जिने सर्वांत आधी पाहिलं असं योहान सांगतो, ती त्या वेळी रडत होती. तिच्या अश्रूंनी काही अडलं नाही.

ऑगस्टीनने आवरलेलं रडू

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यासाठी एक पुस्तक जरूर हातात घ्यावं, संत ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स'. इ. स. ३८७ मध्ये त्याची आई मोनिका रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. ती छप्पन्नाव्या वर्षात होती, तो तेहतिसाव्या. त्याच वर्षी ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झालेला. आफ्रिकेतल्या आपल्या घरी परत जाण्यासाठी ते त्या बंदरात थांबले होते.

नवव्या भागात तो सांगतो की आईचे डोळे त्याने स्वतः मिटले आणि रडू आतल्या आत दाबून धरलं. त्याचा मुलगा आदेओदातुस, कोवळ्या वयाचा पोरगा, आजीने प्राण सोडला तसा मोठ्याने रडला, तर सगळ्या मोठ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. कारण? आक्रोश करायचा तो मेलेला माणूस दुर्दैवी आहे किंवा पार संपला आहे असं वाटतं म्हणून. मोनिका तर तशी नव्हती. युक्तिवाद अगदी बरोबर. आपल्याकडचे काका-मामाही हाच करतात.

पण युक्तिवाद मनापर्यंत पोहोचला नाही. दफनाच्या वेळी ऑगस्टीन रडला नाही. नंतर बरं वाटेल म्हणून स्नानगृहात जाऊन आला, काही फरक पडला नाही. रात्री झोपला, जाग आली, एक प्रार्थनागीत आठवलं, आणि मग मात्र आईसाठी तो रडला. वाचणाऱ्याने मला हसू नये, असंही तो लिहितो. नंतर बिशप झालेल्या एवढ्या मोठ्या विद्वानाला आईसाठी थोडा वेळ रडल्याबद्दल वाचकाची समजूत काढावीशी वाटते, यावरून 'रडायचं नाही' हे दडपण किती जुनं आहे ते कळतं. आणि त्याने ते लपवलं नाही, लिहून ठेवलं, हे आपलं नशीब.

मोनिकाची शेवटची मागणीही त्याने नोंदवली आहे. माझं शरीर कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. परदेशात मरण आलं याची तिला खंत नव्हती; प्रार्थनेत आपलं नाव राहावं एवढंच तिला हवं होतं.

आशा नेमकी कशाची?

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण वर्गात यावर नेहमी गोंधळ होतो. आत्मा अमर आहे, शरीर हे कपड्यासारखं आहे, ही मांडणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. आत्मा मरत नाही हे कॅथलिक श्रद्धाही मानते, पण तिथे थांबत नाही. आमच्या विश्वासांगीकारात शेवटी 'देहाचे पुनरुत्थान' आहे. शरीर म्हणजे टाकून द्यायचं वेष्टण नाही. आईचा हात, आजोबांचा आवाज, हेही देवाला मोलाचं आहे. उठलेल्या येशूच्या अंगावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, त्या त्याने थोमाला दाखवल्या. जखमा पुसल्या गेल्या नाहीत, पण त्या आता मारत नव्हत्या.

म्हणूनच ख्रिस्ती श्रद्धा मरणाला गोड करून सांगत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल मरणाला शत्रू म्हणतो, सगळ्यात शेवटी नाहीसा होणारा शत्रू. शत्रूने घरातलं माणूस नेलं तर रडू येणारच. 'मरण म्हणजे काहीच नाही' असं म्हणणं ही आशा नव्हे. मरण खरं आहे, पण शेवटचा शब्द त्याचा नाही, ही आशा आहे.

यातून एक प्रश्न हमखास येतो: मग दहन केलं तर? पुनरुत्थान हाडं शिल्लक राहण्यावर अवलंबून नाही. १९६३ पासून कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली आहे, दफनाला पसंती असली तरी. २०१६ मध्ये रोमहून आलेल्या सूचनेत एवढं सांगितलं की अस्थी विखरू नयेत, घरातही ठेवू नयेत, एखाद्या पवित्र जागी ठेवाव्यात. कुटुंबाला आणि मंडळीला येऊन आठवण काढायला एक जागा असावी, हा त्यामागचा एक विचार आहे.

विधी काय सांगतात

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये सांगितलं की अंत्यविधीतून पुनरुत्थानाची आशा अधिक स्पष्ट दिसली पाहिजे. त्यानुसार १९६९ मध्ये नवा विधी आला. पूर्वी काळी वस्त्रं असत आणि न्यायाच्या दिवसाचं भय सांगणारं लॅटिन गीत गायलं जाई. आता जांभळी किंवा पांढरी वस्त्रं चालतात. पांढरा हा ईस्टरचा रंग.

पुढच्या वेळी एखाद्या कॅथलिक मित्राच्या घरच्या अंत्यविधीला गेलात तर दोन गोष्टी पाहा. शवपेटीजवळ एक मोठी मेणबत्ती असते, ती ईस्टरच्या रात्री पेटवतात तीच. आणि पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, ते बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. बाळ असताना ज्या पाण्याने सुरुवात झाली, त्याच पाण्याने निरोप. कुणी भाषण केलं नाही तरी एवढ्यातून सांगायचं ते सांगून होतं.

विधी एका दिवसात संपत नाही. सातव्या दिवशी मिस्साबलिदान, मग महिन्याचं, मग वर्षाचं. दहावा-तेरावा, वर्षश्राद्ध पाळणाऱ्या घरांना यात ओळखीचं काही दिसेल. त्यामागची श्रद्धा वेगळी आहे, पण माणसाच्या मनाची जाण सारखीच आहे. दुःख एका दिवसात फिटत नाही, म्हणून लोकांनी पुन्हा पुन्हा यायला हवं. महिन्याच्या मिस्साला माणसं येतात तेव्हा घरच्यांना कळतं की आपलं माणूस अजून कुणीतरी आठवतंय.

२ नोव्हेंबरची प्रथा इ. स. १००० च्या आसपासची. फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी आपल्या मठांत सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, तो हळूहळू सगळीकडे गेला. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्साबलिदानं अर्पण करायची मुभा दिली. ती आजही आहे.

मेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला, हा प्रश्न आमचे प्रोटेस्टंट मित्रही विचारतात, आणि इथे आमच्यात खरा मतभेद आहे. कॅथलिक बायबलमध्ये मक्काबींचं दुसरं पुस्तक आहे. त्यात युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी प्रार्थना आणि अर्पण केल्याचा प्रसंग येतो. माणूस देवाच्या कृपेत गेला तरी देवासमोर उभं राहण्याआधी त्याची शुद्धी व्हायची राहिलेली असू शकते, आणि आपली प्रार्थना त्याला साथ देते, अशी आमची श्रद्धा. मला यातली एक बाजू फार मानवी वाटते. आपलं माणूस गेल्यावर सगळ्यात जास्त टोचतं ते हे की आता त्याच्यासाठी आपल्याला काहीच करता येत नाही. प्रार्थना सांगते, अजून करता येतं.

अवघड मरणं

काही मरणांभोवती लोक कुजबुजतात. आत्महत्या त्यांपैकी एक. चर्च अशांना पुरत नाही, ते थेट नरकात जातात, असं अजूनही बोललं जातं. हे बोलणं ज्या आईच्या कानांवर पडतं तिचं काय होत असेल? म्हणून वस्तुस्थिती सांगते. १९१७ च्या चर्चकायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे की गंभीर मानसिक त्रास, भीती किंवा वेदना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असे विचार येत असतील, तर ते एकट्याने सोसू नका. घरच्यांशी, एखाद्या मॅडम-सरांशी बोला, किंवा 'टेली-मानस' या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे.

दुसरा प्रश्न हिंदू, मुस्लिम मैत्रिणींचा: तुमची आशा फक्त तुमच्याच लोकांसाठी का? ज्यांना ख्रिस्त माहीत नाही पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाने जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं. मिस्सातल्या एका प्रार्थनेत तर ज्यांची श्रद्धा एकट्या देवालाच ठाऊक आहे अशा मृतांचीही आठवण काढली जाते. तेव्हा तुमच्या आजीसाठी मी मेणबत्ती लावली तर ती नियम मोडून लावलेली नसते.

आशा वेळेवर आली नाही तर

सगळ्यांना आशा लगेच जाणवते असं नाही. सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाने १९४० मध्ये दुःखाच्या प्रश्नावर एक तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं होतं. वीस वर्षांनी, १९६० मध्ये, त्याची पत्नी जॉय कॅन्सरने गेली. त्यानंतरच्या वह्यांमधून तयार झालेलं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' १९६१ मध्ये आलं, तेही टोपणनावाने. त्यात आधीच्या पुस्तकातला आत्मविश्वास नाही. देव दार लावून बसलाय की काय, अशी तक्रार आहे. पण पुस्तक पुढे सरकतं तसं त्याच्या लक्षात येतं की दुःखाचा लोंढा थोडा ओसरला की जॉय जास्त स्पष्ट आठवते. रडू कमी झालं म्हणजे आपण विसरलो, असं नाही. बरं वाटायला लागल्यावर अपराधी वाटणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

आपल्या मराठीत 'स्मृतिचित्रे' आहे. रेव्हरंड टिळकांच्या घरी मुलासारखे राहिलेले बालकवी ठोंबरे मे १९१८ मध्ये रेल्वे अपघातात गेले. वर्षभरात, मे १९१९ मध्ये, खुद्द टिळक गेले. ज्या लक्ष्मीबाईंना लिहा-वाचायला टिळकांनीच शिकवलं, त्यांनी पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पूर्ण केलं. सांत्वन म्हणजे दुःख विसरणं नव्हे, गेलेल्याचं काम हातात घेणं हाही त्याचा एक प्रकार आहे, हे त्यांच्याकडून शिकावं.

चर्चच्या वर्षातही या मधल्या काळासाठी जागा आहे. गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्यामध्ये शनिवार असतो. त्या दिवशी रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्सा नसतो, वेदी उघडी असते. शुक्रवारचं दुःख आहे, रविवार अजून आलेला नाही. जवळचं माणूस गेलेले लोक बरेच महिने या शनिवारात राहतात. त्यांना हाताला धरून घाईघाईने रविवारात ओढू नये.

मग आपण काय करायचं?

बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत त्याचं सगळं जातं, मुलंबाळंही. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. इथपर्यंत ते उत्तम मित्र आहेत. बिघडतं ते तोंड उघडल्यावर, जेव्हा ते दुःखाची कारणं समजावू लागतात. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, ओरडणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

आपल्याकडे 'समाचाराला जाणं' हा सुंदर शब्द आहे. जायचं, बसायचं. त्यातून मला सुचलेल्या काही साध्या गोष्टी अशा. 'देवाची इच्छा' हे वाक्य दुःखात असलेल्या माणसाला स्वतः म्हणू द्या, आपण म्हणू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. 'तुझे बाबा कसे होते गं' असं विचारलंत तर ती रडेल, पण ते रडणं तुमच्यामुळे नाही, तुमच्याजवळ आहे. नोट्स काढून ठेवा, हजेरीचं ऑफिसात सांगून या, डबा द्या. पहिल्या आठवड्यात सगळेच असतात, महिन्याच्या मिस्साला किंवा मासिक श्राद्धाला फोन करा. आणि रडू आलंच, तर रुमाल पुढे करा, उपदेश नको.

विश्वास असलेला माणूसही रडतो. त्याला रडताना पाहून त्याचा विश्वास मोजू नका. शेजारची खुर्ची ओढा आणि बसा.